वर्षावनाच्या वाटेवर, भाग ३ : कोरडा जोड

आंबोलीला वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बोर्निओ बेटावरच्या दानुम व्हॅलीत पडतो तो २,८०० च्या आसपास, म्हणजे आंबोलीच्या निम्माही नाही. हे आकडे वाचून सह्याद्रीत पावसाळे काढलेला मराठी भटक्या निर्धास्त होतो, आणि तिथेच त्याची बॅग चुकते.

आंबोलीचा पाऊस जूनला येतो आणि चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. मग ऑक्टोबरचं ऊन पडतं, गाद्या-गोधड्या गच्चीवर जातात, भिंतींची ओल उतरते. दानुमला हा ऑक्टोबर येतच नाही. तिथे बाराही महिने पाऊस असतो, कधी कमी, कधी जास्त. सकाळी धुकं, दुपारी ऊन, संध्याकाळी सर. दिवसा ३०-३१ अंश, रात्री २२-२३, आणि झाडांच्या छताखाली वाऱ्याची झुळूकही नाही. दोरीवर टाकलेला टॉवेल दुसऱ्या दिवशी सकाळी उचलावा, तर तो जसा टाकला तसाच ओला.

मागच्या भागात मलेशियाच्या सबा आणि सारावाक या दोन राज्यांत कधी जावं याची चर्चा झाली. या भागाचा विषय बॅग. आणि बॅग भरताना डोक्यात ठेवायची मुख्य गोष्ट अशी, की इथे भिजणं टळत नाही, वाळवणं जमत नाही. बाकीचं सगळं यातून आपोआप ठरतं.

बहुतेकजण आधी महागडा रेनकोट घेतात. पण वर्षावनात रेनकोट घालून अर्धा तास चढ चढला, की माणूस आतून घामाने तेवढाच चिंब होतो. घाम अंगावरून उडून जायला हवा कोरडी लागते. इथली हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. म्हणून या जंगलात काम करणारे संशोधक आणि वाटाडे एक साधा नियम पाळतात. कपड्यांचे दोन जोड. एक दिवसाचा, तो भिजणारच. दुसरा रात्रीचा, तो कोणत्याही परिस्थितीत भिजू द्यायचा नाही. संध्याकाळी मुक्कामावर आलं की अंग पुसायचं, पावडर लावायची, कोरडा जोड चढवायचा. सकाळी तो उतरवून पुन्हा पिशवीत, आणि कालचाच गारढोण, कुबट वासाचा जोड अंगावर.

ही सकाळ अवघड असते. पहिल्याच दिवशी हात कोरड्या जोडाकडे जातो. ज्याने तो मोह आवरला नाही, त्याच्याकडे तिसऱ्या रात्री अंगावर घालायला काहीच कोरडं उरत नाही. ओल्या कपड्यांत झोपलेल्या माणसाला चिखल्या होतात, जांघा काचतात, आणि मग चौथ्या दिवशी ओरांगउटान समोरच्या फांदीवर बसलेला असला तरी या माणसाचं लक्ष स्वतःच्या पायांकडेच असतं.

म्हणून दिवसाच्या जोडाला पॉलिस्टरचे पातळ, सैल, पूर्ण बाह्यांचे शर्ट आणि तशाच पँटी. आपल्याकडे उकाडा म्हटलं की सुती, हा संस्कार पक्का आहे आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात तो अगदी योग्य आहे. सुती कापड पाणी शोषतं आणि ते उडून जाताना गारवा देतं. जिथे पाणी उडूनच जात नाही, तिथे तेच कापड ओझं होतं. जीन्स तर नेऊच नये. भिजलेली जीन्स दिवसभर कातडी सोलत राहते. रात्रीच्या जोडात मात्र सुती टी-शर्ट आणि पायजमा खुशाल ठेवावा.

हा कोरडा जोड ठेवायचा कशात? बॅगेवर चढवायचं पावसाळी कव्हर पुरेसं पडत नाही, कारण ते पाठीकडची बाजू झाकत नाही. मानेवरून उतरलेलं पाणी खांद्याच्या पट्ट्यांवरून थेट बॅगेत जातं. त्यापेक्षा आतल्या सामानाला पिशव्या कराव्यात. जलरोधक कापडाची, तोंड गुंडाळून बंद करायची पिशवी ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानात मिळते. ती गुडघ्याखाली दाबून आधी आतली हवा काढायची, मग तोंडाच्या दोन्ही पट्ट्या जुळवून निदान तीन वेढे घालायचे आणि मगच क्लिप लावायची. एका वेढ्यावर भागवलं तर पाणी शिरतं. तीनवर शिरत नाही. होडीतून जाताना बॅग पाण्यात पडली तर आत उरलेल्या थोड्या हवेवर ती काही वेळ तरंगतेही. एवढा खर्च नको असेल तर जाड प्लॅस्टिकची पिशवी घ्यावी आणि तोंड पिळून, दुमडून, रबर लावावं. कोकणातली पोरं दप्तरातल्या वह्या वर्षानुवर्षं अशाच कोरड्या ठेवत आली आहेत.

बुटांची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. चामड्याचे जाड ट्रेकिंग बूट इथे दोन दिवसांत भिजून दगड होतात आणि सहलभर वाळत नाहीत. त्यातही बूट चार-पाच वर्षं कपाटात पडून असले, तर सोलचा फोम हवेतल्या ओलाव्याने आतून कुजलेला असतो. वरून काही दिसत नाही. जंगलात पहिल्या तासाभरात सोल बुटापासून सुटतो आणि चालणारा दोरीने बांधून लंगडत परततो. निघण्याआधी घरीच ते बूट घालून दोन दिवस चालून पाहावं.

स्थानिक लोक काय घालतात? काळ्या रबराचा, एकाच साच्यातून निघालेला, खाली खिळ्यांसारखे उंचवटे असलेला साधा बूट. त्याला तिथे गमतीने ‘अडिडास काम्पुंग’ म्हणतात. काम्पुंग म्हणजे गाव; त्या प्रसिद्ध कंपनीशी या बुटाचा काही संबंध नाही. रबराच्या मळ्यात चीक काढणारे मजूर तो वापरत आले. आज किनाबालू पर्वतावर पाठीवर ओझी वाहणारे हमालही त्यातच चढतात. शिवण नाही, अस्तर नाही, त्यामुळे पाणी मुरायला जागाच नाही. आतून फडकं फिरवलं की बूट कोरडा. चिखलात, शेवाळलेल्या ओंडक्यावर तो चांगला पकडतो, आणि किंमत काही रिंगिट. तळ पातळ असल्याने सवय नसलेल्याला खडे टोचतात आणि मोठ्या पायांची मापं सहज मिळत नाहीत, पण मराठी पायांना सहसा अडचण येऊ नये. कोटा किनाबालू किंवा संदाकानच्या बाजारात ते विकत घ्यावेत. बॅगेतली तेवढी जागा घरून निघताना रिकामी ठेवावी.

बुटांबरोबर जळवांचे मोजे हवेत. ताम्हिणी-आंबोलीत फिरलेल्यांना जळू नवी नाही. बोर्निओत दोन प्रकारच्या भेटतात: जमिनीवरच्या पालापाचोळ्यातून येणारी तपकिरी आणि पानांवर, कमरेच्या उंचीला टपून बसणारी पट्टेदार, तिला तिथे वाघजळू म्हणतात. आपले विणलेले मोजे जळूला अडवत नाहीत. विणीच्या फटीतून ती बारीक होऊन आत शिरते. घट्ट विणीच्या कापडाचा, गुडघ्यापर्यंत चढणारा, वरून नाडीने बांधायचा पिशवीसारखा मोजा साध्या मोज्यावर घातला, की ती वर चढत राहते, आत येत नाही. हे मोजे दानुमसारख्या ठिकाणी विकतही मिळतात. शर्ट पँटीत खोचावा, म्हणजे वाघजळूचाही बंदोबस्त होतो. चिकटलीच तर नखाने बाजूने सरकवून काढावी. तंबाखू, चुना, मीठ, काडेपेटी यांची गरज नाही. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, त्यामुळे जखम थोडा वेळ वाहते. घाबरण्याचं कारण नाही. जळवा रोग पसरवत नाहीत, डास पसरवतात.

डासांसाठी ‘डीट’ हे द्रव्य असलेलं मलम किंवा फवारा घ्यावा. अमेरिकी सैन्यासाठी १९४६ मध्ये तयार झालेलं हे रसायन आजही खात्रीचं आहे, पण ते प्लॅस्टिक विरघळवतं. चष्म्याची फ्रेम, घड्याळाचा पट्टा, मोबाइलचं कव्हर यांना डीट लागलेला हात लागला की डाग कायमचा. त्याची बाटली वेगळ्या पिशवीत ठेवावी. आधी उन्हाचं क्रीम, ते मुरल्यावर डीट. सेपिलोकला, म्हणजे १९६४ साली सुरू झालेल्या ओरांगउटान पुनर्वसन केंद्रात, पाहुण्यांना बॅगा लॉकरमध्ये ठेवाव्या लागतात. खाणं आणि डासांचं औषध आत नेऊ नये असं तिथे सांगितलं जातं, कारण ते प्राण्यांच्या हाती लागलं तर त्यांना अपाय होतो.

कॅमेरा आणि दुर्बीण यांना पावसापेक्षा दमट हवेचं भय जास्त. एसी खोलीतून बाहेर आणलेली काच क्षणात धुरकटते. खोलीतून निघण्याआधी अर्धा तास कॅमेरा बंद पिशवीतच बाहेर ठेवावा. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या असाव्यात. कोकणातल्या छायाचित्रकारांना लेन्सवरची बुरशी माहीत आहे; बोर्निओत तिला पावसाळ्याची वाट पाहावी लागत नाही.

बाकी गोष्टी थोडक्यात. किनाबालू चढणार असाल तर टोपी, हातमोजे, गरम जाकीट हवंच. ४,०९५ मीटर उंचीच्या त्या शिखरावर पहाटे तापमान शून्याच्या आसपास असतं, आणि पायथ्याच्या जंगलात कुणाला हे खरं वाटत नाही. मुलूच्या डिअर गुहेत लाखो वटवाघळं राहतात, तिथे काठाची टोपी लागते. प्लग ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पिनांचे. आपल्या गोल पिना बसत नाहीत. कपाळाला बांधायचा टॉर्च हवा. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. आणि क्वालालंपूरहून सबा किंवा सारावाकला जाताना पासपोर्ट हाताशी ठेवावा, कारण देश एकच असला तरी या राज्यांत उतरताना पुन्हा पासपोर्ट तपासणी होते.

चिवडा, चकल्या, खाकरे? न्यावेत, पण एका वेळेला संपेल एवढ्या लहान, हवाबंद पुड्या करून. फोडलेली पिशवी एका रात्रीत सादळते, आणि मुंग्या त्याच्याही आधी येतात. किनाबातांगान नदीकाठच्या मुक्कामांवर माकडं उघड्या खिडकीतून येऊन खाऊ नेतात.

शेवटी एक गंभीर गोष्ट. दानुमजवळून वाहणारी सेगामा नदी दिसायला सुंदर आहे. सन २००० मध्ये ‘इको चॅलेंज’ या साहसी शर्यतीसाठी २६ देशांचे ३०४ स्पर्धक सबाला आले, या नदीत पोहले आणि घरी गेले. त्यानंतर ठिकठिकाणी ताप सुरू झाले. संपर्क झालेल्या १८९ जणांपैकी ८० जणांची लक्षणं लेप्टोस्पायरोसिसशी जुळणारी होती. २९ जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. सुदैवाने कुणी दगावलं नाही. तपासात नदीत पोहणं हेच मुख्य कारण निघालं. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने हाच आजार पाहिला आहे. त्यामुळे जखमेवर लावायच्या जलरोधक पट्ट्या भरपूर न्याव्यात, खरचटलेल्या पायाने पाण्यात उतरू नये, आणि प्रतिबंधक गोळी घ्यायची की नाही हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. माकडांकडून डासांमार्फत माणसात येणारा ‘नोलेसी’ हा मलेरियाही इथे आहे. सारावाकच्या कापित भागात माणसांमधले त्याचे कित्येक रुग्ण आढळल्याचं २००४ साली प्रसिद्ध झालं. सूक्ष्मदर्शकाखाली तो दुसऱ्याच, सौम्य मलेरियासारखा दिसतो, पण वाढतो फार झपाट्याने.

म्हणून परतल्यावर महिनाभरात ताप आला, तर अंगावर काढू नका. डॉक्टरांकडे गेल्यावर पहिल्याच वाक्यात सांगा, की बोर्निओच्या जंगलातून आलो आहे आणि नदीत उतरलो होतो.

(पुढच्या आठवड्यात : किनाबातांगानवरची रात्रीची होडी)