'काही नाही, घरीच असते'
पाहणीवाले दारात येतात. 'बाई काय करतात?' उत्तर बहुधा सासरे नाहीतर नवरा देतो, 'काही नाही, घरीच असते.' झालं! राष्ट्रीय नमुना पाहणीच्या तक्त्यात तिच्यापुढे ९२ हा आकडा पडतो, म्हणजे फक्त घरकाम. सरपण, चारा आणते, घरच्यांचे कपडे शिवते म्हटलं तर ९३. दोन्ही श्रमशक्तीच्या बाहेरच! पण घरच्या शेतात, दुकानात बिनपगारी राबते असं सांगितलं, की २१, म्हणजे कामकरी. २००१च्या जनगणनेत तर घरापुरतं दूध काढणंही काम धरलं होतं. (हे किती सासऱ्यांना ठाऊक असेल?) पाहणीत मुख्य काम ठरतं ते वर्षातला जास्त वेळ कशात गेला यावरून, हातात पैसे किती पडले यावरून नव्हे. तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी उंबऱ्यात तुम्हीच या. पेरणी, खुरपणी, गोठा, गल्ल्यावर बसणं, सगळे महिने बोटांवर मोजून सांगा.