भक्ताची फटकेबाजी

शिरीष कणेकर आमच्या घरात आले ते कॅसेटमधून. सिनेमावरचा त्यांचा एकपात्री कार्यक्रम ‘माझी फिल्लमबाजी’ लागला की टेपरेकॉर्डरभोवती सगळे गोळा व्हायचे. हसता हसता आई मध्येच म्हणायची, “अरे, हा मी पाहिलाय!” कणेकरांची थोरवी मला तिथे दिसते. थट्टा ते करायचे आणि तिला तिचा विसरलेला सिनेमा परत मिळायचा.

१९४३चा जन्म. ‘इंडियन एक्स्प्रेस’, ‘फ्री प्रेस जर्नल’ अशी इंग्रजी पत्रकारिता करून ते मराठी सदरांकडे वळले. हिंदी सिनेमाची जाणकार माहिती मराठीत इसाक मुजावरांसारखे लेखक देतच होते. कणेकरांनी त्या माहितीत स्वतःला आणलं. ‘यादों की बारात’मधल्या लेखांत पडद्यावर जितकं घडतं, तितकंच तिकीट काढून अंधारात बसलेल्या पोराच्या मनात घडतं. गाण्यांवरचं ‘गाये चला जा’ही त्याच जातीचं. माझ्या मते त्यांचं सगळ्यात टिकाऊ लेखन याच दोन पुस्तकांत आहे.

वाक्य आखूड, टोला शेवटच्या शब्दावर. ‘शिरीषासन’, ‘सूरपारंब्या’ ही पुस्तकांची नावंसुद्धा कोटी करून ठेवलेली. डायलॉगचं हिंदी आणि मुंबईचं बोलतं मराठी एका दमात. त्यामुळे छापलेला कणेकर कानांनी वाचला जातो आणि म्हणूनच नेपथ्य-पात्रांवाचून, एकट्याच्या बोलण्यावर त्यांनी रंगमंचही सहज पेलला. क्रिकेटवर लिहितानाही हाच आवाज.

पुढे सदरं वाढली तशा कोट्या परतून येऊ लागल्या. नट्यांच्या दिसण्यावरचे काही विनोद आज मला वाचवत नाहीत. पण त्याच लेखणीतून एखाद्या विस्मृतीत गेलेल्या कलावंताचे अखेरचे दिवस उतरले की हसू घशात अडकतं. ठोकळ्या नटावर ते चिडायचे, कारण चांगला अभिनय काय असतो हे दिलीपकुमारनं त्यांना दाखवलं होतं. बेसूर त्यांना सोसवत नसे, कारण कानात लता होती. ही भक्ती त्यांनी कधी लपवली नाही.

७ जुलै २०२१ला दिलीपकुमार गेले. पुढच्या ६ फेब्रुवारीला लताबाई. कणेकर त्यानंतर दीड वर्षाने, २५ जुलै २०२३ रोजी गेले. त्या रात्री मी ती जुनी कॅसेट शोधली. फीत ताणली गेली होती, आवाज जाडसर येत होता. तरी आई हसलीच, आणि नेमक्या त्याच जागी म्हणाली, “हा मी पाहिलाय.”