आधी गल्ली, मग घर

फिलाडेल्फिया

एडिसन घ्या, प्लेन्सबरो घ्या, नाहीतर ब्रिजवॉटर. न्यू जर्सीत जिथे जिथे मराठी माणूस स्थिरावला, तिथली घरं साधारण एका साच्यातली. पुढे हिरवळ, दोन गाड्यांचं गॅरेज, मागे लाकडी डेक. आणि कोथिंबीर संपली की गाडीची किल्ली शोधायची. पदपथ कधी असतो, कधी नसतो. असला तरी पुढच्या वसाहतीच्या तोंडाशी येऊन गपकन संपतो. यात लोकांच्या आळसाचा भाग थोडा आणि कायद्याचा जास्त. कुठल्या जमिनीवर काय उभं राहील हे इथे झोनिंगने ठरवून टाकलेलं असतं, आणि घरांच्या पट्ट्यात वाण्याचं दुकान बसत नाही. ही पद्धत घटनेला धरून आहे असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये दिला. दुसऱ्या महायुद्धानंतर महामार्ग आणि स्वस्त गृहकर्जं आली आणि देशभर याच नमुन्याची उपनगरं पसरली.

मुलं मार्गी लागली, रात्री हायवेवर गाडी चालवणं नकोसं व्हायला लागलं, की आमच्या वयाच्या जोडप्यांत एक विषय हमखास निघतो: जिथे चालत सगळं मिळेल अशा शहरात जायचं का? न्यूयॉर्क परवडणारं नाही. बॉस्टन थंडही आणि महागही. मग फिलाडेल्फियाचं नाव येतं. आमच्याही घरात आलं. एजंटला फोन करायच्या आधी तिथल्या वस्त्या पायाखाली घालायच्या एवढं मात्र आम्ही ठरवलं होतं, आणि नुसतं हिंडायचं नाही, रोजची कामं घेऊन हिंडायचं. दूध, औषधं, टपाल, चपला दुरुस्त करणारा, ह्यांचे केस कापणारा. पर्यटकासारखं फिरलं तर कुठलंही गाव राहण्याजोगं वाटतं.

शहराचा नकाशा समजायला सोपा आहे. विल्यम पेनने १६८२ मध्ये हे गाव वसवलं आणि थॉमस होम नावाच्या त्याच्या भूमापकाने डेलावेअर आणि स्कूलकिल या दोन नद्यांच्या मध्ये सरळ रेषांची जाळी आखली. मध्यभागी एक चौक, चार दिशांना चार. उत्तर-दक्षिण रस्त्यांना आकडे, पूर्व-पश्चिम रस्त्यांना बहुतेक झाडांची नावं: चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन. घराचा नंबर १५२२ असला की ते पंधराव्या आणि सोळाव्या रस्त्यांच्या मध्ये आहे हे न विचारता कळतं. एका नदीपासून दुसरीपर्यंत दोन मैलांच्या आसपास अंतर, पाऊण तासाची चाल. मधल्या चौकात आता सिटी हॉल आहे आणि त्याच्या टोकावर खुद्द पेनचा पुतळा. पुतळ्याच्या टोपीपेक्षा उंच इमारत बांधायची नाही हा संकेत १९८७ पर्यंत पाळला गेला. कागदावर कुठेही नसलेला नियम इतकी वर्षं टिकला, तोही अमेरिकेत, याचं मला अजून नवल वाटतं.

हे शहर चालता येण्यासारखं राहिलं ते पादचाऱ्यांचा कोणी विशेष विचार केला म्हणून नव्हे. मोटार येण्याच्या आधी ते बांधून झालं होतं, इतकंच. पेनच्या मनात बागांनी वेढलेली ऐसपैस घरं होती. लोकांनी त्याचे मोठे प्लॉट चिरून मधून गल्ल्या काढल्या आणि भिंतीला भिंत लावून घरं बांधली. चौदा-सोळा फूट रुंदीची ही ‘रो हाउसेस’ मैलोन्‌मैल दिसतात. त्यांतलं सगळ्यात चिमुकलं घर म्हणजे ‘ट्रिनिटी’: तीन मजले, प्रत्येक मजल्यावर एकच खोली. पाइन रस्त्यामागच्या एका गल्लीत असं विकाऊ घर आम्ही आतून पाहिलं. जिना भिंतीत कोंबलेला, गोल वळत जाणारा. पायरी आतल्या टोकाला चार बोटांची. वर जाताना खांदा भिंतीला घासतो. दाखवणाऱ्या बाईंना मी विचारलं, पलंग वर नेतात कसा? त्या म्हणाल्या, खिडकी काढून दोराने वर ओढतात, इथे सगळे तसंच करतात. आमच्या गुडघ्यांकडे त्यांनी ओझरतं पाहिलं आणि पुढच्या घराचा विषय काढला.

या मध्यवर्ती भागात, सेंटर सिटीत, चालण्याबद्दल तक्रारीला जागाच नाही. रिटनहाउस चौकात सकाळी सातला कुत्री फिरवणारे, दुपारी डबा खाणारे नोकरदार, संध्याकाळी बाबागाड्या. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्ज यांनी १९६१ मधल्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात याच चौकाचा दाखला दिला आहे. भोवती घरं, कचेऱ्या, दुकानं सगळी सरमिसळ असल्यामुळे दिवसभर वेगवेगळी माणसं तिथे पोचतात आणि म्हणून चौक जागता राहतो, असं त्यांचं म्हणणं. पेनचे बाकीचे चौक आखणीने सारखेच, पण त्यांच्या भोवतीचा परिसर बदलला तसं त्यांचं नशीबही वेगळं झालं. रीडिंग टर्मिनल हा १८९३ चा बाजारही इथून पायी गाठता येतो. जुन्या रेल्वे फलाटांच्या खाली भाज्या, मासे आणि लँकेस्टरहून येणाऱ्या आमिश लोकांचं लोणी. अडचण एकच: आमचं एडिसनचं चार खोल्यांचं घर विकून इथे दोन खोल्या घ्यायच्या.

दक्षिणेला, साउथ फिलीत, पैशाला जागा जास्त मिळते आणि शेजारही जास्त मिळतो. नवव्या रस्त्यावरचा इटालियन बाजार अजून भरतो, पण आता चीजच्या दुकानाशेजारी मेक्सिकन तोर्तियांची भट्टी आणि थोडं पुढे वॉशिंग्टन ॲव्हेन्यूवर व्हिएतनामी दुकानं. कढीपत्ता सोडला तर आमची अख्खी यादी तिथे पुरी झाली. हिरव्या मिरच्या तर एडिसनपेक्षा तिखट. घरांना अंगण नाही, दारापुढे तीन-चार संगमरवरी पायऱ्या, त्याला इथे ‘स्टूप’ म्हणतात. उन्हाळ्याच्या संध्याकाळी माणसं त्यावर येऊन बसतात, म्हणजे आपला ओटाच. अशाच एका ओट्यावर बसलेल्या इटालियन आजींनी आम्हाला हटकलं. राहायला येण्याच्या विचारात आहोत म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “मग रविवारी काय बघताय? कचरा बाहेर काढतात त्या रात्री या.”

आम्ही गेलो. पदपथ इथे जेमतेम दोन माणसांचा, त्यावर काळ्या पिशव्यांची रांग, बाबागाडी घेतलेली एक आई निमूट रस्त्यावर उतरून चाललेली. २०२५ च्या जुलैत महापालिकेचे कामगार आठवडाभर संपावर होते तेव्हा पिशव्यांचे डोंगर झाले होते, तेही लोकांनी आवर्जून सांगितलं. पार्किंगचा प्रकार तर औरच. ब्रॉड स्ट्रीटच्या मधल्या पट्ट्यावर गाड्या सर्रास लावतात. नियमात बसत नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या चालतं. बर्फ पडल्यावर आपण उकरलेली जागा राखायला खुर्ची मांडून ठेवतात, आणि ती खुर्ची हलवणाऱ्याची खैर नसते.

हा भाग शिल्लक राहिला यामागे भांडण आहे. साउथ स्ट्रीटच्या पट्ट्यावरून आरपार द्रुतगती मार्ग नेण्याचा बेत कितीतरी वर्षं शहराच्या कागदांवर होता. रस्ता होणारच म्हणून दुकानदार निघून गेले, घरांचे भाव पडले. ॲलिस लिप्सकम, जॉर्ज ड्यूक्स अशा तिथल्या कृष्णवर्णीय रहिवाशांनी समिती काढून विरोध उभा केला, डेनिस स्कॉट ब्राउन यांच्यासारख्या वास्तुरचनाकार त्यांच्या बाजूने उतरल्या आणि सत्तरच्या दशकात तो बेत बारगळला. पूर्वेला मात्र आय-९५ झाला आणि शहर आपल्याच नदीपासून तुटलं. उत्तरेला व्हाइन स्ट्रीटच्या खोल खंदकाने चायनाटाउनचे दोन तुकडे केले. तिथून पूल ओलांडताना खालच्या गाड्यांच्या आवाजात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही.

आता गुणांकाबद्दल. इथे घराच्या जाहिरातीत ‘वॉक स्कोअर’ देतात: शंभरपैकी इतके. जवळपासची दुकानं, शाळा, बागा किती अंतरावर आहेत यावरून तो काढतात. मोठ्या शहरांच्या यादीत फिलाडेल्फिया बरंच वर असतं. या आकड्यावर विसंबायचं असेल तर आधी ‘एल’मधून जाऊन यावं. एल म्हणजे मार्केट-फ्रँकफर्ड मार्गावरची, सेंटर सिटीबाहेर खांबांवरून धावणारी गाडी. जिरार्ड स्थानकावर उतरलात की फिशटाउन: जुनी कामगारवस्ती, आता कॉफीची दुकानं आणि काचेच्या नव्या इमारती. त्याच गाडीने आणखी थोडं पुढे गेलात की केन्सिंग्टन. खांबांच्या सावलीत अंमली पदार्थांनी मोडलेली माणसं पदपथावर वाकून उभी दिसतात, देशभरच्या बातम्यांत येतं तेच हे ठिकाण. दुकानं तिथेही आहेत, बस आहे, गाडी आहे. म्हणून गुणही चांगलेच पडतात. तिथून पोरांना शाळेत चालत नेणाऱ्या आयांना त्या गुणांचा काय उपयोग?

उत्तर भागात आणखी एका जागी मला जायचंच होतं. एकविसावा रस्ता आणि नॉर्थ कॉलेज ॲव्हेन्यू, जिरार्ड कॉलेजच्या भिंतीशेजारी. आनंदीबाई जोशी जिथे शिकल्या ते विमेन्स मेडिकल कॉलेज इथे होतं. १८८३ मध्ये त्या आल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या; १८८६ च्या मार्चमध्ये पदवी मिळाली त्या समारंभाला पंडिता रमाबाई आल्या होत्या. साडीत, इथल्या थंडीत, याच विटांच्या पदपथांवरून त्या चालल्या असणार. मराठी पाहुणे लिबर्टी बेल बघून परत जातात. त्यांनी बस धरून इकडेही यावं असं मला वाटतं, मात्र दिवसाउजेडी.

पश्चिमेला, विद्यापीठापलीकडे, नकाशा तोच पण हवा निराळी. ट्रॉली आल्यावर इथे घरं झाली, त्यामुळे रस्ते रुंद, मोठी झाडं, प्रत्येक घराला लाकडी पोर्च. बाल्टिमोर ॲव्हेन्यूवरून ट्रॉली अजून खडखडत जाते. क्लार्क पार्कमध्ये शनिवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो आणि चार्ल्स डिकन्स तिथे पुतळा होऊन बसलेला आहे. इथिओपियन खाणावळीत मसूर असे शिजवतात की ह्यांनी दोनदा मागून घेतले. आणि कढीपत्त्याचा प्रश्नही इथे सुटला: एल धरून पश्चिमेच्या शेवटाकडे गेलं की मिलबोर्न लागतं. एवढंसं गाव, पण वस्तीत भारतीय पुष्कळ, गुरुद्वाराही आहे.

ह्यांचा जीव मात्र जडला वायव्येकडच्या माउंट एअरीवर. पन्नासच्या दशकात शहरभर जेव्हा दलाल गोऱ्यांना कृष्णवर्णीय शेजाऱ्यांची भीती घालून घरं विकायला लावत होते, तेव्हा इथल्या चर्चनी आणि सिनेगॉगनी लोकांना थांबवून धरलं आणि मिश्र वस्ती टिकवली. ग्राहकांच्या मालकीचं सहकारी किराणा दुकान १९७३ पासून चालू आहे. जर्मनटाउन ॲव्हेन्यूच्या दगडी फरशीत बंद पडलेल्या ट्रॉलीचे रूळ तसेच आहेत. उतारावरून खाली गेलं की विसाहिकन ओढ्याचं रान, त्यातून ‘फॉरबिडन ड्राइव्ह’ नावाची सपाट वाट. १९२० मध्ये मोटारींना बंदी झाली म्हणून हे नाव. सकाळी तासभर चाला, एक हॉर्न कानावर येत नाही. पण दूध आणायला गेलं तर परतीला चढ, आणि शहरात जायची लोकल चुकली तर पुढचीसाठी फलाटावर बराच वेळ काढावा लागतो.

फेब्रुवारीत या साऱ्याची खरी परीक्षा होते. दारासमोरचा पदपथ इथे घरमालकाने दुरुस्त ठेवायचा असतो, म्हणून दर पंधरा फुटांवर जमीन बदलते: वीट, पाटीचा दगड, काँक्रीट, मध्येच झाडाच्या मुळाने उचललेली विटांची रास. बर्फ थांबल्यापासून सहा तासांच्या आत तीन फुटांची वाट मोकळी करायची असा नियम आहे. कुठे पाळला जातो आणि कुठे नाही, हे पाहायचं तर बर्फ पडल्याच्या दुसऱ्या दिवशी जाणं भाग आहे. पश्चिमेला भाडेकरू विद्यार्थी राहतात त्या घरांपुढे आम्ही अक्षरशः धरून धरून चाललो. शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांच्या घरापुढे मीठ टाकून लख्ख.

पैशाचं थोडक्यात. पगारावर शहराचा वेगळा कर आहे, पावणेचार टक्क्यांच्या आसपास, १९३९ पासून चालत आलेला. पेन्शनवर तो नाही, म्हणून निवृत्तांना धाक कमी. पासष्टी ओलांडलेल्यांना सेप्टाच्या, म्हणजे इथल्या सार्वजनिक वाहतूक संस्थेच्या, बस, ट्रॉली, एल फुकट. खर्च राज्याच्या लॉटरीतून. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये निधीअभावी सेप्टाने फेऱ्यांना मोठी कात्री लावली होती. ती पुढे मागे घेतली, तिकीट मात्र वाढलं. ज्या शहराच्या भरवशावर माणूस गाडी विकायला निघतो, तिथे बस दरवर्षी राज्याच्या अंदाजपत्रकाकडे डोळे लावून बसलेली असते, ही गोष्ट घर दाखवणारा एजंट सांगत नाही.

आमचा मुक्काम अजून ठरायचा आहे. ह्यांना रान हवं, मला ट्रॉली. तडजोड म्हणून एडिसनचं घर न विकता बाल्टिमोर ॲव्हेन्यूजवळ वर्षभर भाड्याने राहून बघायचं आणि दोनांतली एक गाडी काढून टाकायची, इथवर आलो आहोत. करारनामा हातात आहे. त्यात बर्फ काढायची जबाबदारी भाडेकरूवर टाकली आहे, त्या कलमावरून घरमालकाशी घासाघीस चालू आहे.