सरकायला जागा आहे का?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, दिवेआगर भागातल्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. घराचं छप्पर पुन्हा चढवता येतं, पण नव्या सुपारीला फळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात. वारा एकच होता, पण सावरायला लागणारा वेळ प्रत्येकाचा वेगळा.

एखाद्या प्रदेशाचा निसर्ग हवामानबदलापुढं किती टिकेल, हे अजमावताना अभ्यासक नेमकं हेच पाहतात. त्यांचे प्रश्न तीन. मार किती बसणार? ज्याला बसणार ते किती नाजूक? आणि सावरायला वाव किती? पूर्वी या तिन्हींची मिळून ‘भेद्यता’ मोजत. जागतिक हवामान समितीच्या २०१४च्या अहवालापासून पहिला प्रश्न वेगळा काढला जातो. पण विचारावे तिन्ही लागतात.

आपल्या कोकणातलीच दोन ठिकाणं घेऊ या.

पहिलं, खाडी. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरनं वाढली. खाडीकाठचे तिवर आणि कांदळ भरती-ओहोटीच्या पट्ट्यातच जगतात. पाणी हळूहळू चढलं, तर मुळांत अडकणारा गाळ जमीन उंचावतो आणि नवी रोपं काठाच्या बाजूला रुजतात. जंगल असं पिढ्यापिढ्यांनी मागं सरकतं. मात्र पाठीशी रस्ता, भराव किंवा पक्का बांध असेल, तर पुढून पाणी आणि मागून भिंत. समुद्र तोच, झाडंही तीच. पण मोकळ्या पाठीची खाडी तरते, कोंडलेली बुडते.

दुसरं ठिकाण, सडा. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जांभ्या कातळाच्या खळग्यांत वीतभरसुद्धा माती नसते. तिथं दीपकाडीचा कंद उन्हाळाभर दडून राहतो आणि पावसाच्या सुरुवातीला पांढरी फुलं वर काढतो. पावसानं तोंड दाखवून दडी मारली, तर ती पातळ माती लगेच सुकते. म्हणजे मार लहान असला तरी नाजूकपणा फार. शिवाय दीपकाडीला दुसरीकडं जायची सोय नाही. सडा संपला की तिचं घर संपलं. आणि सरकारी कागदावर असे कितीतरी सडे ‘पडीक’!

मी कवी माणूस. फुलांकडं पाहून हळहळणं मला सोपं जातं. पण हळहळीनं नकाशा तयार होत नाही. कुठल्या खाडीची पाठ अजून मोकळी आहे, कुठल्या सड्यावर चिरेखाण येऊ घातली आहे, याची गाववार नोंद हवी. पावसाची लहर आणि समुद्राची चढण एकट्या गावाच्या हातात नाही. झाडांची मागची वाट मोकळी ठेवणं मात्र पुष्कळसं आहे. पुढच्या ग्रामसभेत नव्या रस्त्याचा किंवा भरावाचा विषय निघाला, तर कुणीतरी उठून एवढंच विचारावं : याच्या पुढ्यात तिवर आहेत का, आणि उद्या ते सरकणार कुठं?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)