लिनक्समध्ये यूएसबी वायरलेस अडॅप्टर सुरक्षितपणे काढणे

यूएसबी वायरलेस अडॅप्टर हे संगणकाला वाय-फाय नेटवर्कशी जोडणारे छोटे उपकरण आहे. संगणक चालू असताना उपकरण जोडण्याची व काढण्याची सोय यूएसबी मानकातच असल्यामुळे लिनक्स प्रणालीत हा अडॅप्टर संगणक बंद न करता काढता येतो. मात्र त्याआधी त्यावरून चाललेले काम थांबवणे आवश्यक असते.

पेनड्राइव्हहून असलेला फरक

पेनड्राइव्हवर लिहावयाची माहिती लिनक्स काही काळ स्मृतीत राखून ठेवते. त्यामुळे तो 'अनमाउंट' न करता उपसल्यास फाइल अपूर्ण राहण्याचा धोका असतो. वायरलेस अडॅप्टरवर वापरकर्त्याच्या फाइली साठवलेल्या नसतात, म्हणून त्याला अनमाउंट करण्याचा प्रश्न येत नाही. येथे धोका असतो तो नेटवर्कवरून उघडलेल्या फाइलींना. उदाहरणार्थ, एनएफएस पद्धतीने जोडलेल्या दूरच्या संगणकाशी संपर्क तुटल्यास त्या फाइली वापरणारे प्रोग्राम उत्तराची वाट पाहत अडकून राहू शकतात.

कर्नलमधील प्रक्रिया

अडॅप्टर उपसताच यूएसबी हबला तो बदल जाणवतो आणि कर्नल संबंधित ड्रायव्हरला उपकरण गेल्याचे कळवतो. ड्रायव्हर अपूर्ण राहिलेली देवाणघेवाण रद्द करतो, नेटवर्क इंटरफेस काढून टाकतो व व्यापलेली स्मृती मोकळी करतो. ड्रायव्हर सदोष असल्यास याच टप्प्यावर प्रणाली गोठू शकते. इंटरफेस आधीच बंद केलेला असल्यास ही शक्यता कमी होते.

पद्धत

१. डाउनलोड, फाइलींची नक्कल यांसारखी कामे पूर्ण करावीत व नेटवर्कवरून जोडलेले फोल्डर अनमाउंट करावेत.

२. नेटवर्कमॅनेजरच्या मेनूतून वाय-फाय जोडणी तोडावी. टर्मिनलवर 'आयपी' या आज्ञेनेही इंटरफेस बंद करता येतो.

३. ड्रायव्हर त्रास देत असल्यास 'मॉडप्रोब' आज्ञेने तो कर्नलमधून काढावा. तोच ड्रायव्हर वापरणारे दुसरे उपकरण असल्यास तेही बंद पडते.

४. अडॅप्टर सरळ रेषेत ओढून काढावा. 'डीमेसेज' आज्ञेने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींत उपकरण निघाल्याची ओळ आढळते.

विशेष बाबी

काही अडॅप्टर प्रथम जोडल्यावर विंडोजचे ड्रायव्हर असलेली आभासी सीडी म्हणून दिसतात. ती सीडी 'इजेक्ट' केल्याने असे अनेक अडॅप्टर वायरलेस स्वरूपात कार्यरत होतात. त्यामुळे ती कृती म्हणजे अडॅप्टर सुरक्षितपणे काढणे नव्हे.

एसएसएचद्वारे दुरून हाताळल्या जाणाऱ्या संगणकाचा संपर्क त्याच अडॅप्टरवर अवलंबून असल्यास वरील दुसऱ्या पायरीलाच नियंत्रण सुटते. अशा वेळी पर्यायी जोडणी आधीच तयार ठेवावी लागते.