आई-बाबांसोबत काशी : मुक्काम कुठे?

● गोदौलिया : विश्वनाथ मंदिर आणि दशाश्वमेध घाट चालत गाठता येतात. आतल्या गल्ल्यांत गाडी शिरत नाही. रिक्षा दारापर्यंत येते का, हे आधी विचारा.

● अस्सी : रस्ता घाटाजवळ पोहोचतो, गर्दीही तुलनेने कमी. मंदिरासाठी मात्र रिक्षा लागते.

● घाटावरच्या जुन्या वास्तू : खोलीतून गंगा दिसते, पण पायऱ्या उंच. गुडघे दुखत असतील तर टाळा.

● फोनवर विचारा : लिफ्ट, कमोड, न्हाणीघरात धरायला दांडी, गरम पाणी.

● पावसाळा : गंगा चढली की घाट बुडतात, नावा थांबतात.

पहाटेच्या दर्शनानंतर आई-बाबांना खोलीवर येऊन पाठ टेकता यायला हवी. त्यासाठी चार पैसे जास्त गेले तरी जाऊ द्या.