समतोलाच्या गणिताची दीडशे वर्षे

जोसाया विलार्ड गिब्ज यांचा प्रदीर्घ निबंध १८७६ ते १८७८ या काळात कनेक्टिकट अकादमीच्या नियतकालिकात छापून आला. त्यात पेशी नव्हती, विकरेही नव्हती. पण रासायनिक क्रिया कुठे जाऊन थांबेल, हे ऊर्जेच्या हिशेबातून सांगता येते, ही दृष्टी त्याने दिली. १८८० च्या दशकात व्हान्ट हॉफ यांनी मुक्त ऊर्जा आणि समतोल स्थिरांक यांचे नाते सूत्रात बांधले.

जीवरसायनशास्त्रात या सूत्राची खरी कसोटी लागली ती साखरेच्या विघटनात. १९३४ मध्ये मायरहोफ आणि लोमान यांनी अल्डोलेज या विकराच्या क्रियेचा समतोल अभ्यासला. या क्रियेत फ्रुक्टोज बिसफॉस्फेटचा एक रेणू दुभंगून तीन-तीन कार्बनांचे दोन रेणू होतात. पाठ्यपुस्तकांत तिच्यापुढे मुक्त ऊर्जेतील बदलाचा +२३.८ किलोज्यूल प्रति मोल असा आकडा असतो. तो पाहून ही क्रिया पुढे सरकणारच नाही, असे वाटते.

गणित मात्र वेगळे सांगते. २५ अंश सेल्सिअसला वायू स्थिरांक आणि तापमान यांचा गुणाकार २.४८ येतो. २३.८ ला त्याने भागले की ९.६, आणि त्यावरून समतोल स्थिरांक सुमारे ०.००००६८ मोलर. आता केवळ ही एक पायरी धरली, तर सुरुवातीला एक मोलर द्रावण असताना ०.८ टक्के रेणू दुभंगतात. एक मिलिमोलर असताना २३ टक्के. ते आणखी शंभरपट विरळ केले, तर ८८ टक्के! मुक्त ऊर्जेचा आकडा तोच आहे. पण एकाचे दोन होणाऱ्या क्रियेला विरळपणा साथ देतो, आणि पेशीतली संहती एक मोलरच्या जवळपासही नसते.

१९५३ मध्ये बर्टन आणि क्रेब्ज यांनी ग्लायकोलिसिस (साखरेचे विघटन) व क्रेब्ज चक्राच्या एकेका पायरीची मुक्त ऊर्जा मांडली. पुढे रॉबर्ट अल्बर्टी यांनी सामू, मॅग्नेशियम आयन आणि आयनी तीव्रता यांना या हिशेबात हक्काची जागा दिली. आज हे आकडे संगणकावर क्षणात मिळतात.

म्हणूनच वर्गात आकड्याचे चिन्ह पाठ करून घेणे पुरेसे नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी संहती स्वतः काढावी. क्रिया कोणत्या दिशेला जाईल हे मुक्त ऊर्जेच्या आकड्याबरोबरच त्या संहतीवरही ठरते.